अठराव्या होलपाशी

गोल्फ मैदानाच्या शेवटच्या हिरवळीवर एक मुलगा चेंडूमागे उकिडवा बसून उतार बघत होता. होल जेमतेम दोन हातांवर. माझा निखिल केव्हाच खेळून आला होता आणि गाडीपाशी बूट सोडत होता. होतकरू व्यावसायिक खेळाडूंच्या या स्पर्धांमध्ये दर आठवड्याला दुसऱ्या संध्याकाळी निम्मे जण घरी जातात. निखिल अगदी काठावर होता. या मुलाचा चेंडू पडला, की निखिल बाहेर.

चुकू दे, मी मनात म्हटलं. आणि माझी मलाच शिसारी आली.

लेकासाठी देवाकडे मी कायम मागत आले. ते मागणं सरकत सरकत दुसरीच्या पोरावर कधी जाऊन बसलं, या हंगामात मला कळलंच नाही.

चेंडू होलच्या काठावरून वळून बाहेर थांबला. मुलाने टोपी डोळ्यांवर ओढली. माझ्या शेजारी त्याची आई उभी होती. तिच्याकडे बघायचं मला धाडस होईना.

"तुमचा राहिला ना आत?" तिनेच विचारलं.

मी मान डोलावली. तिने थर्मास उघडला.

"घ्या, चहा घ्या. मागच्या आठवड्यात तुमच्या मुलाचा चेंडू असाच परतला, म्हणून माझा राहिला होता. तेव्हा मीही अशीच उभी होते, मुठी आवळून."

मी खाली पाहिलं. कप घ्यायला मला मूठ उघडावी लागली.