वहीची सुवाच्य प्रत

माझी धाकटी बहीण आखातातल्या एका देशात नर्सिंग शिकत होती, कारण वडील तिथे बांधकाम कंपनीत नोकरीला होते. कंपनी बंद पडली. आई-वडील तिला घेऊन आमच्या गावी, शेलारला, परतले तेव्हा तीन वर्षांच्या शिक्षणातले शेवटचे सहा महिने राहिले होते. २००४-०५च्या सुमाराची ही गोष्ट. इथे परिचारिका म्हणून नोंदणी व्हावी, निदान झालेली अडीच वर्षे धरली जावीत, यासाठी आम्ही राज्याच्या परिचर्या परिषदेकडे अर्ज केला. ती धरली गेली नसती, तर पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली असती, आणि वडील तिला पुन्हा पहिल्या वर्षाला बसवणार नव्हते. घरात स्थळांची चर्चा सुरू झाली होती.

अर्जासोबत प्रसूतीची वही हवी होती. हजर राहिलेल्या प्रत्येक बाळंतपणाची तिच्यात एक ओळ असे: मातेचे वय, वेळ, बाळाचे वजन, विद्यार्थिनीने बाळंतपण स्वतः केले की फक्त पाहिले, आणि शेवटी तिथल्या सिस्टरची सही. परतताना बॅगेत खोबरेल तेलाची बाटली फुटली होती. अर्ध्या वहीतली शाई पसरली होती.

मी एका दैनिकात उपसंपादक होतो. गिचमिड मजकूर पुढे पाठवायचा नाही, ही तिथली सवय. दोन सुट्ट्यांत मी ती वही कोऱ्या वहीत उतरवून काढली. सहीच्या जागी, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, ‘सही/-’ लिहिले. ओळखीच्या एका राजपत्रित अधिकाऱ्याने मूळ वही न मागताच ‘सत्यप्रत’चा शिक्का मारला. मला त्यात काही गैर वाटले नाही.

मूळ वहीसह परिषदेच्या कार्यालयात हजर राहण्याचे पत्र आले. आदल्या दिवशी बहीण दोन्ही वह्या शेजारी ठेवून ओळीला ओळ लावत बसली. तिने मला हाक मारली.

“दादा, ही तीन मी केलेली नाहीत. बघितलेली आहेत.”

“पुसट होतं. वरच्या ओळींत ‘केले’ होतं, म्हणून खालीही तेच धरलं.”

“मला विचारायचंस ना.”

“तू ड्युटीवर होतीस.” ती नारपोलीतल्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून जात असे.

ती तीन धरली तर आवश्यक संख्या भरत होती; एरवी नाही. आई भाजी निवडत ऐकत होती.

“तेल सांडलंय त्याच्यावर. कुनाला दिसतंय काय लिवलंय? गप ऱ्हावा दोघं.”

“आणि उद्या माझ्यासमोर बाई अडली तर? वही दाखवू तिला?”

“तवाचं तवा बघू. घरी बसायचं हाय का तुला?”

मी आईच्या बाजूने बोललो, हे नोंदवले पाहिजे. बनावट कागदपत्रे सादर केल्याप्रकरणी गुन्हा दाखल, असे मथळे मी स्वतः लावलेले होते. अशा बातमीत पहिले नाव अर्जदाराचे येते, दुसरे प्रत करणाऱ्याचे, हे मला ठाऊक होते. बहिणीने दोन्ही वह्या पिशवीत ठेवल्या.

कार्यालयात टेबलापलीकडे पन्नाशीच्या बाई होत्या. पूर्वी त्या स्वतः परिचारिका होत्या. त्यांनी आधी माझी वही उघडली.

“अडीच वर्षं एकच पेन पुरलं?”

“प्रत आहे, मॅडम,” मी म्हणालो.

“कोणी केली?”

बहीण म्हणाली, “भावाने. अक्षर चांगलं आहे त्याचं.” मग तिने मूळ वही पुढे सरकवली आणि एकेका ओळीवर बोट ठेवले. “ही तीन मी फक्त पाहिलीत. प्रतीत चुकीचं आलंय.”

बाईंनी वही उजेडात धरली.

“सही/- लिहून बाळंतपणं होत नाहीत,” त्या मला म्हणाल्या. “आणि शिक्का मारणाऱ्यांनी मूळ वही पाहिली होती?”

“नाही.”

त्यांनी बहिणीचा लेखी खुलासा घेतला, माझा वेगळा घेतला, दोन्ही वह्या ठेवून घेतल्या. “कळवू,” म्हणाल्या.

पुढचा दीड महिना मी रोज ऑफिसातून घरी फोन करून टपालाची चौकशी करत होतो. बहीण चौकशी करत नसे. दवाखान्याच्या दारात खाकी कपडे दिसले की पोलीस समजून ती आतल्या खोलीत जाई, असे तिने नंतर सांगितले. तो बहुतेक वेळा रिक्षावाला असे.

अखेर पत्र आले. गुन्ह्याचा उल्लेख नव्हता. पहिली दोन वर्षे धरली होती. तिसरे वर्ष मान्यताप्राप्त संस्थेत पूर्ण करायचे, प्रसूतीच्या सगळ्या नोंदी नव्याने, मग परीक्षा.

“म्हंजी झालं का न्हाय झालं?” आईने विचारले.

“झालं. एक वर्ष लागेल.”

बहिणीने पत्र दोनदा वाचले.

“दादा, पहिली ड्युटी प्रसूती वॉर्डातच मिळेल का, विचारशील? मला त्याचीच भीती वाटते. आधी तेच करून टाकते.”