रिकाम्या खुर्चीसमोर मावशी

लक्ष्मीबाई नगरातून आमची बस निघाली, तेव्हा दिल्ली कोहऱ्यात (धुक्यात) बुडाली होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुढच्या प्रवेश परीक्षेसाठी अंबाजोगाईहून मावशीकडे आले होते.

मावशीला मधुमेह. गुडगावच्या एका दवाखान्यात तशा बायकांचा गट जमतो. मनाचं आणि नवरा-बायकोतलंही बोलतो. काकांना तिने 'भजन' सांगितलं होतं.

"दोनदा गेले, पण तोंडच उघडलं नाही," ती म्हणाली. "वर्षभर मी दुसऱ्या खोलीत झोपते. ह्यांना वाटतं, रागावलेय. आज तिथे बोलता आलं नाही, तर घरी कधीच जमायचं नाही."

मी खिडकीची काच पुसत राहिले.

धुक्यात चुकून आम्ही एक थांबा आधीच उतरलो. दोन्हीकडे सरसोंची (मोहरीची) पिवळी शेतं आणि त्यांच्या टोकाला नव्या काचेच्या इमारती. खालचे मजले धुक्यात विरलेले, वरचे नुसतेच तरंगणारे. म्हशीमागून चाललेल्या आजोबांनी हात केला, "सीधी चाल्ली जा बेटी, सीसे आळी (काचेवाली) बिल्डिंग!" स्वप्नात चालावं तशा आम्ही चाललो.

दवाखान्यात सात-आठ बायका गोल करून बसल्या होत्या. बिनसाखरेचा चहा, भाजलेले चणे. मध्ये एक रिकामी खुर्ची.

"समझिए, यहाँ आपके पति बैठे हैं," डॉक्टर दीदी मावशीला म्हणाल्या. "नाम लेकर बात कीजिए."

मावशी अडली. "हमारे में नाम नहीं लेते."

"कभी भी नहीं?" शेजारच्या कौर आंटी हसल्या.

"उखाण्यात घेतात," मी चाचरत म्हणाले आणि उखाणा म्हणजे काय ते सांगितलं.

"तो वही सुनाओ, यार!"

मावशीने पदर सारखा केला.

"चहातली साखर गेली, गोडी नाही सरली,
अरविंदरावांशी बोलायची गोष्ट तेवढी उरली."

मी अडखळत हिंदीत अर्थ सांगितला. कुणी हसलं नाही. मावशी खुर्चीकडेच पाहत होती.

"अहो, मी रागावले नाही. जवळ आलात की मला दुखतं. तुम्ही नकोसे नाही झालात."

हे मला हिंदीत सांगवेना. कौर आंटींनी तिचा हात धरला. "समझ गए, बहनजी."

साखरेमुळे कोरडेपणा येतो, दुखतं, यावर उपचार आहेत, दोष कुणाचाच नाही, असं दीदींनी शांतपणे समजावलं.

"मला वाटलं, माझंच सगळं संपलं," मावशी पुटपुटली.

परतलो तेव्हा ऊन पडलं होतं. काकांनी दार उघडलं. "काय मग, आज कुठला अभंग?"

"भजन नव्हतंच," मावशी म्हणाली. "बसा ना, अरविंदराव."

काका बघतच राहिले. मग बसले. मी चपला घालून खाली उन्हात गेले.

परीक्षा देऊन अंबाजोगाईला पोचल्यावर आईने विचारलं, "काय काय पाहिलंस?" कुतुबमिनार राहूनच गेला होता. मी मोहरी सांगितली, तरंगत्या काचा सांगितल्या. मग दार लोटून घेतलं आणि खुर्चीचं सांगितलं. आईचीही साखर अलीकडे वाढलेली.

शेंगा सोलणारे तिचे हात थांबले.

"तो उखाणा," ती हळूच म्हणाली, "परत म्हण बघू."