पुरुषांइतकंच इनाम

जत्रेतल्या कुस्त्यांना एक क्रम असतो. दुपारच्या उन्हात लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग किरकोळ इनामाच्या आणि ऊन कललं की मोठ्या जोड्या. आम्हा बायकांची एकच कुस्ती असायची, तीही लोक चहा प्यायला उठायच्या वेळेला. दहा मिनिटं झाली की पंच शिट्टी वाजवायचा, दोघींचे हात वर करायचा आणि भोंग्यावरून ‘रणरागिणी’ हा शब्द हमखास यायचा. रणरागिणी म्हणायला काही पैसे पडत नाहीत. आमच्याच वजनाच्या, आमच्याइतकीच वर्षं घाम गाळलेल्या पोरांच्या जोडीला जे इनाम असायचं, त्याच्या चौथाईसुद्धा आमच्या हातावर यायचं नाही. वर एकेक साडी. ती नेसून पुढच्या फडात उतरायचं होतं की काय, कोण जाणे.

‘आम्हा बायकांची’ म्हणजे खरं तर दोघींचीच. एक मी, पडेगावची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. दुसरी उस्मानपुऱ्यातली. तिची गावाकडची शेती वाटणीत गेली होती आणि वडील कंपनीत वॉचमन होते. कुस्तीत समोरच्याला जोड म्हणतात, म्हणून मी तिला जोडच म्हणायचे आणि तीही मला. शहागंजच्या मागच्या गल्लीत एक तालीम होती, तिथं पहाटे पोरं यायच्या आधी तासभर माती आम्हा दोघींची असायची. चार वर्षं आम्ही एकमेकींना आपटलं. जत्रेत मात्र दहा मिनिटांत कोण कुणाला पाडणार? आमची कुस्ती दरवेळी बरोबरीत सुटायची.

त्या वर्षी आम्ही ठरवलं, बास झालं. दौलताबादच्या अंगाला एक गाव आहे, त्याची जत्रा मोठी असते. तिथल्या कमिटीपुढं जायचं आणि तोंडावर सांगायचं, की आमच्या वजनाच्या पुरुषांच्या जोडीला जे देता तेच आम्हाला द्या, नाहीतर आम्ही येत नाही. बोलणार मी होते, कारण माझं तोंड आधीपासूनच वाईट. जोड गप्प राहणारी. पण गरज तिला जास्त होती. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. तिला चांगले बूट हवे होते, खुराक हवा होता आणि क्लासची फी भरायची होती. धावण्यात ती पहिल्या पाचांत यायची. राहता राहिली गोळाफेक.

गोळाफेकीवरून सांगायलाच हवं. तीन महिन्यांपूर्वी सरावात तिचा उजवा खांदा निखळला होता. माझ्याच हातून. वस्तादांना कळलं असतं तर त्यांनी तिला मातीत पाऊल ठेवू दिलं नसतं, म्हणून आम्ही त्यांना काही सांगितलं नाही. पडेगावात मेंढरांचे पाय बसवणारा एक म्हातारा होता, त्यानं खांदा बसवून दिला आणि म्हणाला, “एकडाव निसटला की त्याला वाट ठाव होती. जपून.” दीड महिन्यानं ती पुन्हा गोळा फेकायला लागली. खांदा दुखतो हे फक्त मला माहीत होतं.

रविवारी सकाळी आम्ही त्या गावच्या देवळाच्या मंडपात गेलो. सतरंजीवर कमिटीचे आठ-दहा जण बसले होते, मधोमध अध्यक्ष. मी उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. मला वाटलं होतं हसतील, हाकलतील. त्याचीच तयारी करून गेले होते, दोन-चार तिखट वाक्यं पाठसुद्धा केली होती. अध्यक्षानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पोरींचं म्हणणं रास्त हाय. सारखं इनाम. आपल्या गावापासून सुरुवात व्हऊ द्या.” बाकीच्यांनी माना हलवल्या. माझी पाठ केलेली वाक्यं तशीच राहिली.

“मिळवा हात,” तो म्हणाला.

कमिटीपुढं जोडीनं हात मिळवले की कुस्ती ठरली. मग माघार नाही. जो उतरत नाही त्याचं नाव गावासकट, तालमीसकट भोंग्यावरून पुकारतात, की अमका पळाला. हे आम्हाला चांगलंच माहीत होतं. पण आम्ही इतक्या खुशीत होतो की हात मिळवले नाहीत, एकमेकींच्या हातावर टाळ्याच दिल्या. कुणीतरी नारळ फोडला. मग अध्यक्ष सुपारी कातरता कातरता, वर न बघता म्हणाला, “इनाम सारखं तर कुस्ती बी सारखीच. निकाली.”

निकाली म्हणजे वेळेचं बंधन नाही, शिट्टी नाही, बरोबरी नाही. एकीची पाठ मातीला लागेपर्यंत. पुरुषांच्या त्या जोडीची कुस्ती निकालीच असायची, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आम्ही इनाम विचारलं, कुस्ती विचारलीच नाही. परत येताना एसटीत जोड खिडकीतून बाहेर बघत बसली होती आणि तिचा डावा हात उजव्या खांद्यावर होता.

घरी आईला सांगितलं. ती कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, “इतकं सहज कसं दिलं गं त्यांनी?” मला राग आला. म्हटलं, तुला चांगलं काही बघवतच नाही. ती म्हणाली, “तसं नाय. मागितल्याबरुबर देणारा माणूस म्या अजून बघितला नाय.”

वस्ताद जुन्या शहरातले, सत्तरीचे, कुस्त्या खेळून कान चिंबलेले. त्यांना वाटलं होतं आम्ही इनामाची बातमी आणली, म्हणून चहा मागवला. निकाली म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. “हाथ मिला लिये?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. ते म्हणाले, “मिलाने के पहले पूछना था ना बेटा, कुश्ती कौनसी है.” आणि उठून माती चाळायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी मला इतक्या हळू आवाजात कधीच रागावलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस माझ्या अंगातून भीती गेली नाही. पडेगावच्या रस्त्यावरून रिक्षा भोंगा लावून फिरायची: महिलांची निकाली कुस्ती, पुरुषांइतकंच इनाम, शेवटून दुसरी जोड. म्हणजे आमची कुस्ती चहाच्या वेळेतून उचलून सगळ्यात मोठ्या कुस्तीच्या अलीकडं आणून ठेवली होती. कालपर्यंत आम्हाला न ओळखणारी माणसं आता थांबवून विचारायची, “काय, निकाली व्हय?” आणि हसायची. ते हसणं कौतुकाचं नव्हतं. काय बघायला मिळणार, याचं होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी मी उस्मानपुऱ्यात जोडीच्या खोलीवर गेले. दार लावून घेतलं आणि आम्ही दोघींनी जे ठरवलं ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. पंधरा मिनिटं चांगली कुस्ती करायची. मग मी तिच्या डाव्या बाजूनं जायचं, उजव्याला हात लावायचा नाही, आणि तिनं पडायचं. इनाम निम्मं निम्मं. अशा ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात आणि नुरा करणाऱ्याच्या तोंडावर आमचे वस्ताद थुंकले असते. पण जोडीची भरती दोन महिन्यांवर आली होती. ती म्हणाली, “पडल्यानं काय व्हतंय? मला गोळा टाकायचा हाय. तेवढं जमलं की मी सुटले.” मी तिचा खांदा चोळून दिला. तेलाखाली तिथलं हाड मला हाताला वेगळं लागत होतं.

फडावर एवढी माणसं मी आधी कधी पाहिली नव्हती. झाडांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, देवळाच्या ओट्यावर. हलगी वाजत होती. आम्ही माती कपाळाला लावली आणि सलामी दिली. पहिली पंधरा मिनिटं छान गेली. खरं सांगते, मला बरंही वाटलं. लोक ओरडत होते आणि मधे शिट्टी नव्हती. एकदा तिनं पायाला धरून माझा पट काढला आणि मी कशीबशी निसटले, तेव्हा ती हसली सुद्धा. मग मी ठरल्याप्रमाणे डाव्या बाजूनं गेले. ती गुडघ्यावर आली, पण मी जोर लावायच्या आधीच तिची मान कलली. क्षणभरच, पण कुस्ती बघणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. ट्रॉलीवरून कुणीतरी ओरडलं, “नुरा हाय!” मग दुसरा ओरडला. मग सगळ्या फडातून तेच ऐकू यायला लागलं.

हलगी थांबली. अध्यक्ष माईक घेऊन मातीच्या कडेला आला. “पोरींनो,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी मायेचा होता, “नुरा निघाली तर इनाम नाय. आन इथून पुढं बायकांची कुस्तीबी नाय. गडीमाणसांना बी हाच कायदा हाय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा सगळं उमगलं, मंडपात तो का हसला नाही तेही. त्याला नाही म्हणायचंच नव्हतं. आम्ही मातीत पुरुषांसारख्या टिकत नाही, हे त्याला सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. आणि मला राग आला. तो राग त्याच्यावर होता, त्या ट्रॉलीवरच्यावर होता. पण हाताखाली होती ती माझी जोड.

मी तिच्या पाठीवर होते. मी उजव्या बगलेत हात घातला, वर काढून तिच्या मानेवर दाबला. याला हप्ता म्हणतात. हप्ता नीट बसला की समोरचा खांद्यावरून उलटतो, आणि तसं उलटलेल्याला कुणी नुरा म्हणू शकत नाही. ती दचकली. मातीत तोंड होतं तिचं, तरी ती म्हणाली, “सोड. पडते मी. सोड.”

मी सोडलं असतं तर ती आपणहून वळली असती आणि सगळ्यांनी ते पाहिलं असतं. इनाम गेलं असतं. मी बोलले होते ते सगळं गेलं असतं. हे सगळं मी एका श्वासात मोजलं, आणि मोजून दाबलं. आवाज आला तो मला हातातून कळला. मग तिची पाठ मातीला लागली, हलगी सुरू झाली आणि कुणीतरी मला खांद्यावर उचललं. वरून मला ती दिसत होती. उठून बसली होती आणि डाव्या हातानं उजवा हात मांडीवर ठेवत होती.

इनाम पूर्ण मिळालं, पुरुषांच्या जोडीइतकंच. अध्यक्षानं स्वतः दिलं आणि फोटो काढला. मी निम्मं घेऊन तिच्याकडं दवाखान्यात गेले. तिनं घेतलं. भरतीच्या मैदानावर तिचा गोळा रेषेच्या जवळसुद्धा गेला नाही, असं मला तिच्या वडिलांकडून कळलं. पुढच्या वर्षी त्या जत्रेत बायकांची कुस्ती पुन्हा दहा मिनिटांची झाली, चहाच्या वेळेला, चौथाई इनामात. मी भांडायला गेले तर अध्यक्ष म्हणाला, “दिलं व्हतं की सारखं. झेपलं नाय. एका पोरीचा हात गेला, आता आमी आनखी पाप घ्यावं का?” त्याच्याकडं बोट दाखवायला माझा हात स्वच्छ नव्हता.

मी नंतर खेळत राहिले. बक्षिसं मिळवली, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळवली. समान इनामावर दोन-तीनदा भाषणंही केली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषणात मी त्या जत्रेचा उल्लेख करते, पहिल्यांदा सारखं इनाम मिळालं म्हणून. हप्त्याचं सांगत नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी आईला साडी घ्यायला शहागंजात गेले होते. दुकानात गर्दी होती. गादीवरच्या बाईनं वरच्या फळीवरून गठ्ठा डाव्या हातानं खाली ओढला, आणि मी ओळखलं. तिनंही ओळखलं. तब्येतीचं, पोराबाळांचं बोलणं झालं. तिनं एकेक साडी उलगडून दाखवली, उजव्या हाताचं कोपर कमरेला टेकवून, फक्त बोटं चालवत. मी आईसाठी मोरपंखी रंगाची काढली. ती घडी घालता घालता खाली बघूनच म्हणाली, “त्या दिवशी मी काय म्हणले ते तुला ऐकू आलं नसंल. लई गोंगाट व्हता.”

तिनं मला वाट करून दिली होती. चार वर्षं रोज पहाटे जिच्या अंगाखांद्यावर मी कुस्ती शिकले, तिनं. खरं सांगायला तीच जागा होती आणि तीच वेळ होती. बाजूची गिऱ्हाइकं तिला हाका मारत होती.

“व्हय,” मी म्हणाले. “लई गोंगाट व्हता.”

तिनं मान हलवली आणि साडी पिशवीत घालून दिली.