काकांचा फवारणीचा पंप

शिरवण्यात आमच्या घरमालकांइतका स्वच्छ माणूस झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही. माणसानं रोज अंघोळ करावी हे ठीक, पण हे काका दाराची कडीसुद्धा रोज साबणानं धुतात. आम्ही भाड्यानं राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून उतरलेला आमचा सिलिंडर आधी त्यांनी नळीखाली धरला आणि मगच किल्ली दिली. तीही ओली. नव्या चपला ते धुऊन घालतात. एकदा आमच्याकडची लग्नपत्रिका ओल्या फडक्यानं पुसताना त्यांनी तारीखच घालवली आणि जेवणं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी थाटात पोचले. काकांची सगळी शेती शहराखाली गेली. उरलेत बिल्डिंगमागचे वांग्यांचे चार वाफे आणि त्यांच्या कडेची जुनी विहीर. काकू आजही पिण्याला तिचंच पाणी घेतात. “नलाच्या पान्याला चव नाय,” हा त्यांचा कायमचा निकाल.

परवा मी सहज मागे गेलो आणि जागीच थिजलो. वांग्यांवर अळीचं औषध मारून काका विहिरीच्या कट्ट्याशी पंप धूत होते. उघड्या हातांनी, आणि एकदा नव्हे, सात वेळा! बाटलीचा तळही विसळून त्यांनी तिथंच ओतला. “काका, कधीपासून धुताय इथं?” “पंप घेतला तवापासून. घान कशाला ठेवाची?” “अहो, हे विष झिरपून विहिरीत जातं!” “काय बोलतस? जमीन गालते सगला.” “नाही गाळत!” मी ओरडलोच. बाटली विसळलेलं पाणी पंपातच ओतून पिकावर मारायचं, पंप विहिरीपासून लांब धुवायचा, हातमोजे घालायचे, हे बाटलीवर छापलेलंच असतं म्हणून मी ती उचलली, तर लेबल गायब. काकांनी घासून काढलं होतं. हसू यावं अशी गोष्ट, पण मी विहिरीत वाकून पाहिलं. काका मटकन कट्ट्यावर बसले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत म्हणाले, “तुजी काकू रोज पिते रं.”

त्याच दुपारी त्यांनी विहिरीच्या मोटरची वायर काढली, विहिरीवर पत्रा टाकला. पाणी तपासायला दिलंय, रिपोर्ट यायचाय. काकूंना सांगितलंय की मोटर जळली. नळाचं पाणी काका स्वतः त्यांच्या तांब्यात भरतात.

काल काकूंनी मला थांबवलं. “तू शिकलेला हायस. खरा सांग, मोटर जललीय का?” पलीकडे काका माझ्याकडे बघत उभे होते. मी हो म्हणालो. खोटं बोलायची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. काकूंनी मान हलवली, तांब्यातला एक घोट कसाबसा घेतला आणि हळूच विचारलं, “मंग हे रडतान कशाला?”