वर बघणारे मामा

चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जाऊन वेदीकडे न बघणारा माणूस अख्ख्या वसईत एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा. फादर प्रवचन देत असायचे आणि मामा मान मागे टाकून छताकडे बघत बसायचे. आमचं चर्च गॉथिक, भलंमोठं. टोकदार कमानी, आणि खांबांतून निघून वर एकमेकींना भेटणाऱ्या दगडी फासळ्या. "छाती सांभाळायला माणसाला फासळ्या, तशा ह्या," मामा सांगायचे. सांगायचे म्हणजे हात धरून सांगायचे! माझ्या लग्नात नवरानवरी, करवल्या, बॅण्डवाले सगळ्यांना दारात थांबवून त्यांनी कमान गोल न करता टोकदार का केली ते समजावलं. वजन खाली कसं उतरतं हे दाखवायला माझेच हात डोक्यावर जोडायला लावले. लग्नाच्या पहिल्याच फोटोत मी शरण आलेला दिसतो. चर्च बांधताना त्यांच्या आजोबांनी बैलगाडीतून दगड वाहिले आणि त्यात बोटाचं एक पेर गमावलं. ते पेर चौथ्या फासळीत चिणलंय, असं मामा शपथेवर सांगायचे. खरंखोटं देव जाणे! केळीच्या वाडीतल्या खुराड्यालाही त्यांनी टोकदार दार केलं होतं, कोंबड्या बिचाऱ्या अंग चोरून बाहेर पडायच्या.

म्हातारपणी मानेच्या मणक्यांनी दगा दिला. मान वाकली ती वाकलीच. "जेवता येतं, चालता येतं. छत तेवढं गेलं," म्हणायचे. एका रविवारी त्यांनी दाढीचा आरसा मांडीवर धरला. झालं! कवडसा गेला फादरांच्या डोळ्यांत, आणि मागच्या बाकावरच्या बायांना वाटलं, म्हातारा आपल्यालाच न्याहाळतोय. एकच बोंब! आरसा पुन्हा काही आला नाही. मग मी मोबाइलवर फोटो काढून नेला. त्यांनी पाहिला आणि परत दिला.

"जावई, हे बशीएवढं छत घेऊन मी काय करू?"

त्यांचा आवाज पडला होता. मी म्हटलं, "मग एकदा बाकावर आडवे व्हा, दुपारी कोणी नसतं."

मामा भडकले. "देवाच्या घरात पाय पसरून झोपू? तिथे आडवं व्हायचं ते एकदाच, मेल्यावर." मग हळूच म्हणाले, "तेवढं झाकण घरी लावू देऊ नको हां."

आमच्या गावात शवपेटीचं झाकण घरीच लावून निघतात. यंदा मामा गेले तेव्हा माणसं झाकण घेऊन पुढे आलीच. मी आडवा आलो. "मामांनी नको म्हटलंय," एवढंच बोलू शकलो. मामींच्या जुन्या लुगड्याची घडी त्यांच्या मानेखाली सरकवली आणि पेटी उघडीच नेली. चौथ्या फासळीखाली ठेवली. मिस्सा संपल्यावर फादरांनी झाकणासाठी खूण केली.

"फादर, जरा थांबा."

मामांचे डोळे मिटलेले होते, म्हणून मीच वर बघितलं. इतकी वर्षं त्यांनी सांगितलं, पण मी कधी धड बघितलंच नव्हतं. मान दुखायला लागली तेव्हा नजर खाली आणली, तर फादर वर बघत होते, आणि आरशावरून बोंब मारणाऱ्या त्या बायाही, डोळ्यांना पदर लावून, वरच बघत होत्या.