मागच्या चाकातली गुणगुण

मिस्त्रींचे हात काळे, पण कान तिखट. गाडी गॅरेजात वळली की चहाचा कप खाली न ठेवताच ते तिचं दुखणं सांगत. बायको म्हणायची, गाडीची कुरकुर यांना कोसावरून ऐकू येते, माझी मात्र शेजारी बसूनही नाही.

एका दुपारी एक बाई दिवंगत नवऱ्याची गाडी घेऊन आल्या. मागून आवाज येतो म्हणाल्या. मिस्त्रींनी शेजारी बसून एक फेरी मारली. वेग वाढला तशी मागच्या डाव्या चाकातून घूंघूं सुरू झाली. बेअरिंग गेलं होतं, त्यात वाद नव्हता. पण तो आवाज मध्येच श्वास घेतल्यासारखा थांबे आणि पुन्हा लागे. बाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "गाडी चालवताना हे असंच गुणगुणायचे."

मिस्त्रींनी चाक काढलं, ड्रम उतरवला आणि ॲक्सलचा दांडा बाहेर ओढला. बेअरिंगमधल्या ग्रीसचं डांबर झालं होतं. पुलर लावून त्यांनी ते उपसलं, नव्यात तळहाताने ग्रीस ठासलं आणि दाबून बसवलं. पुन्हा फेरी मारली, तर गाडी मुकी. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मिस्त्रींच्या मनाला लागलं. नवऱ्याची शेवटची खूण आपण पुसली, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी शटर उघडताना आत कुणीतरी गुणगुणत होतं. आत चिटपाखरू नव्हतं. धुऊन टेबलावर ठेवलेलं जुनं बेअरिंग आपलं आपण सावकाश फिरत होतं. मिस्त्री टेबलापाशी गेले. हातात घेतलं तर ते गरम लागलं. त्यांनी त्यात ग्रीस कोंबलं. आवाज दबला, पण गेला नाही. मिटल्या ओठांतून यावा तसा येत राहिला.

बायकोला बोलावलं. एरवी थट्टा करणारी ती, पण आवाज ऐकून मागे सरकली. ज्याचं त्याला देऊन टाका, एवढंच म्हणाली.

बाईंच्या घराची बेल वाजवायच्या आत दार उघडलं. आवाज जिन्यातच ओळखला होता त्यांनी. चेहरा पांढराफटक पडला होता.

"परत का आणलंत?"

मिस्त्री गोंधळले. आठवण म्हणून आणलं, असं काहीतरी पुटपुटले.

"राग आला की गुणगुणायचे ते," बाई म्हणाल्या. "घरी पोचेपर्यंत. मग दार लावून घ्यायचे."

मिस्त्री तसेच जिना उतरले. त्यांनी बेअरिंग फडक्यात गुंडाळलं आणि तडक लोखंड वितळवायची ओतशाळा गाठली. भट्टीवाला ओळखीचा होता. काही न विचारता त्याने झाकण सरकवलं. ते आत पडलं तेव्हा भट्टीचा घरघराट क्षणभर बंद पडला. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

बाई त्यानंतर लांबलांबचे प्रवास करू लागल्या, काचा खाली करून, एकट्याच. गाडी अजून मिस्त्रींकडेच येते. तिच्याखाली शिरायची वेळ आली की मात्र ते बायकोला बोलावून स्टुलावर बसवतात, आणि काम संपेपर्यंत उठू देत नाहीत.