सूचीतली माझी ओळ

मला मोडी वाचता येत नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मला बावीस वर्षं लागली.

एम.ए.ला असताना दिल्लीतल्या एका विद्यापीठाच्या अभिलेखागारात मी उन्हाळाभर कामाला होतो. तिथल्या मॅडम तेव्हा नव्याने लागलेल्या. त्यांनी लाल फडक्यात बांधलेलं एक दप्तर माझ्यापुढे ठेवलं. तुम्ही महाराष्ट्रातले, म्हणजे मोडी येतच असेल, असं त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी मान डोलावली. मराठी माणसाला पुरणपोळीपासून मोडीपर्यंत सगळं येतं असं इथे समजतात, आणि आपणही ते खोडून काढत नाही.

एक्केचाळीस पत्रं होती. दोन आठवडे भिंग घेऊन बसलो. 'चिरंजीव' तेवढं लागलं, आणि एका ठिकाणी 'लोणचे'. शेवटच्या दिवशी नोंदवहीत लिहिलं, 'किरकोळ घरगुती पत्रे. विशेष काही नाही.' खाली सही ठोकली. प्रमाणपत्र मिळालं, नोकरीच्या अर्जाला जोडलंही. न वाचता लिहिलं हे बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

गेल्या गणपतीत इथे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात आमच्याकडे आरतीला सांगलीकडची एक मुलगी आली होती. दिल्लीतल्या जुन्या मराठी घरांमधल्या बायकांवर तिचं संशोधन चाललेलं. प्रसाद घेता घेता म्हणाली, "काका, बायकांच्या हातचं एक पान मिळेल तर शपथ. विद्यापीठात एक दप्तर आहे, पण सूचीत लिहिलंय, विशेष काही नाही. मग नाही मागवलं."

छापील सूचीत माझं नाव नव्हतं. मी तिला आणखी एक मोदक वाढला.

तीन आठवडे तसेच गेले. मग एक दिवस अर्धी रजा टाकून अभिलेखागारात गेलो. मॅडम आता तिथल्या प्रमुख आहेत, केस पांढरे झालेत. सगळं हिंदीत सांगितलं. मराठीत सांगायला जीभ रेटली नसती. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शांतपणे उठल्या, नोंदवही काढून आणली. मी म्हटलं, हे खोडून टाकता येईल का?

"मिटाते नहीं हैं हम," त्या म्हणाल्या.

तिथली रीत अशी, की जुनी नोंद राहते. तिच्यावर पेन्सिलीची एक बारीक रेघ, शेजारी नवी नोंद, नाव आणि तारीख. कोण कुठे चुकलं हे पुढच्याला दिसायला हवं. मी खिशातलं पेन काढलं, तशी त्यांनी नोंदवही मिटली.

"पहले पढ़ के आइए. इस बार."

संध्याकाळी आधी बायकोला सांगितलं, मग त्या मुलीला फोन केला. तिने आधी पत्रं किती ते विचारलं. मग म्हणाली, "मोडी मी शिकलेय, काका. मी वाचते. पण तुम्ही शेजारी बसून लिहायचं."

तेव्हापासून शनिवारी आम्ही दोघं तिथे बसायचो. ती वाचायची, मी पेन्सिलीने उतरवायचो. अडली की मलाही विचारायची, अगदी खरंच मला काही कळत असल्यासारखं. पत्रं दिल्लीतल्या एका बाईंनी गावाकडच्या धाकट्या भावाला लिहिलेली. शेजारच्या मुलींना त्या स्वयंपाकघरात लिहायला-वाचायला शिकवत होत्या, घरच्यांपासून लपवून. नवव्या पत्रात ते लोणचं आलं. 'मुली लोणचे शिकावयास येतात असे घरात सांगितले आहे.'

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घरच्यांना फसवायला बाईंनी योजलेला नेमका तोच शब्द मला लागला होता, आणि मीही फसलो होतो. दोघांनाही हसू आवरेना. मॅडमनी टेबलावर बोटं वाजवून गप्प केलं.

एक्केचाळिसावं पत्र संपलं त्या दिवशी नोंदवही पुन्हा पुढ्यात आली. मॅडमनी पेन्सिल दिली. रेघ मी मारली, नवी नोंद त्या मुलीच्या नावाने लिहिली, आणि खाली, उतरवून घेणारा म्हणून, माझं नाव.

जुनी ओळ रेघेखाली अजून स्वच्छ वाचता येते. ती पुसू दिली नाही, यासाठी मी मॅडमचा फार आभारी आहे.